मालगाडीचा दर कोण ठरवतो?

आज आपण वसईत, होळीला जमलो आहोत. इथून वसई रोड स्टेशनला रिक्षाने जाता येतं. तिथल्या फलाटावर लोकलची वाट पाहत आपण आयुष्याचा बराच भाग घालवलेला असतो. मधूनच एखादी लांबलचक मालगाडी जाते. डबे मोजायची सवय लहानपणी असते, पुढे सुटते. एवढ्या मालाचं भाडं कोणी ठरवलं आणि ते ठरताना खोलीत कोण कोण बसलं होतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाबद्दल आहे. विषयाचं औपचारिक नाव ‘मालवाहतूक रेल्वेत व्यापारी संघटनांची भूमिका’ असं आहे. नाव रुक्ष आहे, पण त्यात आपलं पोट गुंतलेलं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून सुरुवात एका शब्दापासून करतो. मराठीत पहिल्या पुरुषाच्या अनेकवचनाला दोन रूपं आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. कुठलाही संघ बोलतो तेव्हा तो ‘आपण’ म्हणतो. तो खरोखर ‘आपण’ असतो की ‘आम्ही’, हे तपासणं म्हणजे त्या संघाचा इतिहास लिहिणं. हे माप हातात ठेवू आणि मागे जाऊ.

आपल्याकडे रूळ येण्याआधी संघ आले. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १८३६ची, आणि पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ला. मध्ये सतरा वर्षं आहेत. १८४५ साली मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने इंडियन रेल्वे असोसिएशन उभी राहिली. तिकडे इंग्लंडात मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाला अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहण्याची धास्ती होती. त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबईला यायचा. वाटेत भिजायचा, धूळ खायचा, आठवडेच्या आठवडे लागायचे. जॉन चॅपमन या गृहस्थाने जी.आय.पी. रेल्वेची योजना मांडली तेव्हा त्याच्या हिशेबात प्रवासी नंतर होते. कापसाच्या गाठी आधी होत्या.

१८४९च्या करारात कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. म्हणजे बघा, कंपनीचं उत्पन्न कमी पडलं तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. त्या तिजोरीत पैसा कुणाचा? मुख्यतः शेतसाऱ्याचा. मँचेस्टर म्हणालं, ‘आपल्याला रेल्वे हवी.’ मुंबईचे व्यापारी म्हणाले, ‘आपल्याला रेल्वे हवी.’ दोघांच्या ‘आपण’मध्ये सारा भरणारा कुणबी नव्हता. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेखर्चाचा हिशेब मांडून नेमकी ही बाजू दाखवून दिली. आज तेवढं लक्षात ठेवू.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुने लोक ज्याला बी.बी.सी.आय. म्हणत, ती कंपनी १८५५ची. तिचा पहिला तुकडा १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण असा गुजरातेत उघडला. काम उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत आलं. वैतरणा आणि वसईची खाडी ओलांडायला लोखंडी पूल बांधावे लागले. १८६४च्या नोव्हेंबरात गाडी मुंबईत ग्रँट रोडला पोचली. काळ पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस अडला होता, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव होता. आपल्या विरारहून पहिली लोकल सुटली १८६७ साली. वसईचा माणूस लोकलला आपली रेल्वे मानतो, ते बरोबरच आहे, पण या रुळांवरून माल आधी धावला आणि लोकल नंतर आली.

मुंबई एक आणि कंपन्या दोन. देशभरात तर कितीतरी. इथे पहिली मोठी अडचण आली. समजा एका कंपनीची वॅगन माल घेऊन दुसरीच्या हद्दीत गेली. ती परत कधी येणार? तिकडे पडून राहिली तर रोजचं भाडं किती? चाक खराब झालं तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने? गूळ कुठल्या वर्गात, तूप कुठल्या वर्गात, फुटकी बरणी कुणाच्या माथी? प्रत्येक जंक्शनवर रोजचं भांडण. ते मिटवायला रेल्वे कंपन्यांनी आपसात परिषदा भरवल्या आणि १९०३ साली इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन स्थापन झाली. मालवाहतूक रेल्वेतली खरीखुरी धंदेवाईक संघटना शोधायची तर ती ही. मालाचं वर्गीकरण, दरपुस्तक, वॅगनची देवघेव, तपासणीचे नियम, सगळं तिने एका साच्यात आणलं. वॅगन तपासणाऱ्यांच्या तोंडी ‘आय.आर.सी.ए. भाग तीन’ हे शब्द अनेक पिढ्या राहिले. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, १६ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की वॅगनचं ते चाक बाद, असे हे नियम. अमेरिकेत १९३४ साली असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्स झाली. खाजगी कंपन्यांच्या वॅगन एकमेकींच्या रुळांवर कशा चालाव्यात याचे नियम तिथेही असा संघच सांभाळतो.

हे काम चांगलं होतं, यात वाद नाही. वेगवेगळे मालक असूनही लाहोरची वॅगन मुंबईत येऊ शकली, ती या नियमांमुळे. पण हा संघ वाहणाऱ्यांचा होता. माल पाठवणारा त्याच्या ‘आपण’मध्ये नव्हता.

पाठवणाऱ्याची तक्रार काय होती? सरकारने दर मणाला, दर मैलाला किमान आणि कमाल दर ठरवून दिले होते. त्या दोन रेघांच्या मध्ये कंपनीला मोकळीक. या मोकळ्या जागेत दोन खेळ चालत. पहिला असा : बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदराहून येणाऱ्या मालाला मैलामागे दर कमी, आणि देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाला दर जास्त. म्हणजे कच्चा माल परदेशी जायला स्वस्त, तयार माल परदेशाहून यायला स्वस्त, आणि सोलापूरच्या गिरणीने देशातच काही मागवायचं तर महाग. १९१६च्या औद्योगिक आयोगापुढेही ही तक्रार आली. दुसरा खेळ ‘ब्लॉक रेट’चा. माल आपल्या रुळांवर थोडंच अंतर जाऊन पुढच्या जंक्शनवर दुसऱ्या कंपनीकडे वळणार असेल, तर त्या थोड्या अंतराला मुद्दाम चढा दर लावायचा, म्हणजे माल वळणारच नाही. गवळ्याने गिऱ्हाइकाच्या दारात गाय आडवी बांधावी, तसा प्रकार.

दाद मागायची सोय कागदावर होती. १८९०च्या रेल्वे कायद्यात कुणाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नये असं कलम होतं आणि त्यासाठी रेल्वे आयोगाची तरतूद होती. पण ती वाट लांब आणि खर्चिक. एकटा आडत्या, हातात दोन वॅगनच्या पावत्या, तो काय लढणार? इथे पाठवणाऱ्यांच्या संघाचं खरं काम सुरू होतं. १९०७ साली मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबर निघालं, कारण जुन्या चेंबरमध्ये युरोपीय पेढ्यांचं वजन होतं आणि देशी व्यापाऱ्याला स्वतःचं व्यासपीठ हवं होतं. अशा संघटना तक्रारी गोळा करत, पत्रं लिहीत, सल्लागार समित्यांवर माणसं पाठवत. हे काम कंटाळवाणं असतं. त्यावर कादंबरी होत नाही. पण एक पावती ही कुरकुर असते आणि पाचशे पावत्या हा पुरावा असतो. कुरकुरीचा पुरावा करणं, संघाचं हे पहिलं काम.

१९२०-२१मध्ये सर विल्यम अ‍ॅक्वर्थ यांची समिती बसली. तिच्यावर श्रीनिवास शास्त्री होते आणि मुंबईच्या कापूस व्यापारातले पुरुषोत्तमदास ठाकुरदासही होते. दराच्या भांडणांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावं, असं समितीने सुचवलं. रेल्वेचा अर्थसंकल्प १९२४पासून वेगळा झाला, तोही याच शिफारशींच्या ओघात. पण न्यायाधिकरणाऐवजी १९२६ साली मिळाली नुसती सल्लागार समिती. तिने सांगायचं, सरकारने ऐकायचं की नाही ते ठरवायचं. रेल्वे दर न्यायाधिकरण प्रत्यक्षात आलं स्वातंत्र्यानंतर, १९४९मध्ये. शिफारस ते संस्था, मध्ये अठ्ठावीस वर्षं. संघाचं दुसरं काम हे : एका माणसाच्या आयुष्याला न पुरणारी मागणी जिवंत ठेवणं.

आता अवघड भाग. मुंबईच्या व्यापाऱ्याने बंदराच्या स्वस्त दराविरुद्ध किती जोराने बोलायचं? त्याचं स्वतःचं दुकान बंदरावर. निर्यातीच्या कापसाला दर कमी म्हणजे त्याचा फायदाच. आतल्या गावच्या कारखानदाराचं दुखणं आणि बंदरावरच्या दलालाचं सुख एकाच दरपुस्तकात होतं. दोघेही ‘देशी व्यापारी’. एकच संघ दोघांचा ‘आपण’ कसा होणार? याला मी लबाडी म्हणत नाही. प्रत्येक संघात हा ताण असतोच. ज्याची वर्गणी मोठी, ज्याला सभेला यायला वेळ आहे, ज्याला इंग्रजीत निवेदन लिहिता येतं, त्याचं ‘आम्ही’ हळूहळू सगळ्यांचं ‘आपण’ म्हणून छापलं जातं.

आणि ज्याच्या पाठीवरून गाठ वॅगनमध्ये चढते तो हमाल? १८३६पासून मोजलं तर त्याच्या हक्काचा कायदा यायला १९६९ उजाडलं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला, आणि पुढे रेल्वेच्या मालधक्क्यावरचा कामगारही माथाडी मंडळाच्या छत्राखाली आला. त्यासाठी त्याला स्वतःची संघटना करावी लागली. दुसऱ्याच्या संघाने त्याचं नाव घेतलं नव्हतं.

शेतकऱ्याचं काय? आपल्या वसई-पालघरची विड्याची पानं करंड्यांत बांधून रेल्वेने उत्तरेला जात आली. खानदेशात रावेर-सावद्याची केळी वॅगनने दिल्लीला जात. केळं थांबत नाही. एक दिवस वॅगन उशिरा आली की घड काळे पडतात. एकट्या बागायतदाराची वॅगन भरत नाही, म्हणून तिथे बागायतदारांनी स्टेशनवार मंडळं केली, मागणी एकत्र नोंदवली, माल एकत्र भरला. इथे संघ नसता तर मालच गेला नसता.

१९८०नंतरच्या दशकांत रेल्वेने सुटा माल घेणं कमी करत नेलं. तिला पूर्ण रेक हवी. जुन्या धर्तीच्या बंद वॅगनची रेक म्हणजे चाळीसएक वॅगन, अडीच हजार टनांच्या आसपास माल. सिमेंटवाला भरेल, खतवाला भरेल. आमच्या वालीव-सातिवलीच्या लघुउद्योजकाने ती कशी भरायची? तो ट्रक बोलावतो आणि महामार्गावर तासन् तास अडकतो. २०२०मध्ये देवळाली ते दानापूर किसान रेल सुरू झाली तेव्हा थोडा माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यालाही तीत जागा होती, म्हणून ती महत्त्वाची.

स्वातंत्र्यानंतर अजून एक गोष्ट बदलली. १९५१मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. सगळ्या रेल्वेंचा मालक एकच. वाहणाऱ्यांच्या संघात आता एकाच घरचे भाऊ. पाठवणाऱ्याच्या समोर एकच विक्रेता उरला. पूर्वी निदान दोन कंपन्यांना झुंजवता यायचं. २००६च्या धोरणाने कंटेनर गाड्या खाजगी कंपन्यांना चालवायला दिल्या; त्यांचीही संघटना झाली. तिचं मुख्य गाऱ्हाणं समजायला सोपं आहे. रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचं, ओढण्याचं भाडं रेल्वे ठरवणार, आणि स्पर्धेत उतरलेली सर्वांत मोठी कंटेनर कंपनी, १९८८ साली स्थापन झालेली कॉनकॉर, तीही रेल्वे मंत्रालयाच्याच घरातली. पंच आणि खेळाडू एका घरचे असले की सामना नीट झाला तरी शंका राहते.

हे सगळं आज वसईत का सांगायचं? कारण दादरीहून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा, सुमारे दीड हजार किलोमीटरचा खास मालवाहू मार्ग आपल्याच जिल्ह्यातून, वैतरण्यावरून आखलेला आहे. आपल्या शेजारून माल जाणार. त्यात आपला माल असेल का, की आपण फक्त भोंगा ऐकायचा? १८६४मध्ये वसईच्या खाडीवर पूल झाला तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारायला भाग पाडता येईल, पण एकट्याने नाही. पानवाला, फूलवाला, गाळेधारक कारखानदार, मालधक्क्यावरचा कामगार, यांच्या सभा वेगवेगळ्या भरतात. छोट्या मालासाठी इथे जागा ठेवा, ही एक मागणी तरी चौघांनी मिळून लिहून द्यायला काय हरकत आहे?

आणि कुठल्याही संघाचं निवेदन हातात आलं की तीन गोष्टी बघा. सभासद कोण, वर्गणी कुणाची जास्त, आणि ज्याच्यावर परिणाम होणार तो सभेला होता का. एवढं बघितलं की ते निवेदन ‘आपण’ लिहिलंय की ‘आम्ही’, हे कळतं. माझं संपलं. आता तुमचे प्रश्न. आणि मालधक्क्यावर काम केलेलं कोणी इथे बसलं असेल, तर पहिल्यांदा त्यांनी बोलावं.