अबकारी कुलपातील बर्बन

केंटकीच्या बर्बन व्हिस्कीने भरलेल्या कोणत्याही अमेरिकन दुकानात नजरेच्या उंचीवरील फळ्या दुर्मिळतेच्या आणि वयोमानाच्या बढायांनी सजलेल्या असतात. परंतु जरा वाकून पाहिले, तर तळच्या फळीवर, वीस डॉलरांच्या आतबाहेर मिळणाऱ्या काही बाटल्यांवर ‘बॉटल्ड इन बाँड’ अशी अक्षरे आढळतात, आणि त्या अक्षरांच्या पाठीशी जेवढा कायदा उभा आहे तेवढा वरच्या फळीवरील बहुतेक बाटल्यांच्या पाठीशी नाही. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची बाटली ही त्यांपैकीच एक. स्वस्त मालाला सरकारची हमी आणि महागाला केवळ जाहिरातीची, हा उलटा न्याय कसा रूढ झाला याची हकीकत महसूल खात्याच्या दफ्तरात सुरू होते. रसिकांचा तिच्याशी संबंध पुष्कळ उशिरा येतो.

यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी १८६२ साली वॉशिंग्टनच्या सरकारने गाळीव मद्यावर कर बसविला, आणि युद्ध संपले तरी कर उठला नाही. मद्य भट्टीतून उतरताच कर वसूल करावा, तर ते पिंपात मुरेपर्यंत भट्टीवाल्याचे भांडवल अडकून पडणार; न करावा, तर माल परस्पर विकला जाऊन खजिन्याची तूट होणार. या पेचावर तोड अशी निघाली की, भट्टीवाल्याने जामीनकतबा, म्हणजेच ‘बाँड’, लिहून द्यावा, माल सरकारी पहाऱ्याच्या कोठारात ठेवावा आणि कर तो बाहेर काढतेवेळी भरावा. कोठारास कुलपे दोन, एकाची किल्ली मालकाकडे आणि दुसऱ्याची सरकारी मापाऱ्याकडे. एकट्याने दार उघडण्याची सोय कोणासच नाही. आरंभी एका वर्षाची असलेली ही मुदत वाढत वाढत १८९४ साली आठ वर्षांची झाली. अर्थात कुलपे दोन असली तरी किल्लीदार एक होऊ शकतात, हे १८७५ साली उघडकीस आलेल्या ‘व्हिस्की रिंग’ प्रकरणाने सिद्ध केले होते; अंमलदार आणि भट्टीवाले यांच्या त्या संगनमताचा धूर ग्रँट अध्यक्षांच्या खाजगी चिटणिसापर्यंत पोहोचला, जरी न्यायालयाने त्यास पुढे निर्दोष सोडले.

कोठाराच्या आत असा कडेकोट बंदोबस्त असताना बाहेर मात्र सारा अंधेर होता. व्हिस्की पिंपांतून विकली जाई, आणि भट्टीपासून गुत्त्यापर्यंतच्या वाटेवर ‘रेक्टिफायर’ नावाचा घाऊक व्यापारी बसलेला असे, जो थोड्या अस्सल व्हिस्कीत पुष्कळसा निर्गंध मद्यार्क ओतून, करपविलेल्या साखरेने तिला रंग आणि आलुबुखाऱ्याच्या रसाने गोडी आणून, प्रसंगी तंबाखू किंवा क्रिओसोट यांची जोड देऊन, चार दिवसांत चार वर्षांचे वार्धक्य निर्माण करीत असे. लुइव्हिलच्या जॉर्ज गार्व्हिन ब्राऊन याने १८७० साली ‘ओल्ड फॉरेस्टर’ केवळ मोहोरबंद बाटल्यांतून विकण्यास आरंभ केला तो याच अविश्वासावर उपाय म्हणून; परंतु एका व्यापाऱ्याची मोहोर ही अखेर त्याच्या स्वतःच्याच शब्दाची साक्ष होती.

सरकारचीच मोहोर बाटलीवर आणण्याची कल्पना ज्यांनी तडीस नेली त्यांत फ्रँकफर्टजवळ किल्ल्यासारखी दगडी भट्टी बांधणारा कर्नल एडमंड हेन्स टेलर हा प्रमुख, आणि त्याचा पाठीराखा तत्कालीन अर्थसचिव जॉन कार्लाइल, तोही केंटकीचाच. टेलरला लोकांच्या प्रकृतीची चिंता नव्हती असे मी म्हणत नाही. पण रेक्टिफायरांनी त्याचे गिऱ्हाईक पळविले होते, आणि स्वार्थ व लोकहित एका दिशेने चालू लागले म्हणजे कायदा लवकर होतो. ३ मार्च १८९७ रोजी, आपल्या कारकीर्दीचा अखेरचा दिवस उजाडण्यापूर्वी, क्लीव्हलंड अध्यक्षांनी ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्यावर सही केली. कायद्याचे रूप केवळ मुभेचे होते: जामिनावर ठेवलेला माल त्याच कोठारात बाटलीबंद करण्याची परवानगी. पण तिच्या अटींनी सारा कायापालट केला. माल एकाच भट्टीचा, एकाच गाळणाराचा, आणि जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर अशा एकाच हंगामाचा असावा. तो सरकारी देखरेखीत किमान चार वर्षे मुरलेला असावा. त्यात शुद्ध पाण्याखेरीज काहीही न मिसळता तो बरोबर शंभर प्रूफाचा, म्हणजे निम्मा मद्यार्क असलेला असावा. बुचावरून खाली उतरणाऱ्या हिरव्या पट्टीवर गाळण्याचा आणि बाटली भरण्याचा असे दोन्ही हंगाम छापलेले असत. खाद्यपदार्थांच्या शुद्धतेचा सर्वसाधारण कायदा अमेरिकेत १९०६ साली झाला. व्हिस्कीला ते भाग्य नऊ वर्षे आधी लाभले, कारण तिच्यावर कर होता आणि दुधावर नव्हता.

पुढे १९२० नंतरच्या दारूबंदीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळणारी व्हिस्की बहुधा हीच असे. उतरती कळा लागली ती युद्धोत्तर काळात, लोकांची रुची सौम्य पेयांकडे आणि व्होडकाकडे वळली तेव्हा. भट्टीवाल्यांनी आपले माल ऐंशी प्रूफावर आणले आणि जुने जामिनी माल तळच्या फळीवर ढकलले गेले. १९८० च्या दशकात हिरवी पट्टी गेली आणि भट्टीत ठाण मांडून बसणारा मापारीही गेला. अटी मात्र राहिल्या. म्हणून आजही त्या बाटलीवर भट्टीचा नोंदणी क्रमांक वाचता येतो. इव्हान विल्यम्सवरचा केंटकीचा पहिला क्रमांक लुइव्हिलच्या बर्नहाइम भट्टीचा आहे.

घरी बसून अशा बाटलीची चव पाहताना कायद्याची कलमे जिभेवर वेगवेगळी ओळखता येतात, हे मला तिचे खरे सुख वाटते. लहान तोंडाच्या पेल्यात बोटभर ओतून काही वेळ तशीच ठेवावी. शंभर प्रूफाचा पहिला दर्प नाकाला बधीर करतो, तो ओसरू द्यावा आणि तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे. जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाचा गंध आणि शर्करांपासून काकवीसारखा गडद गोडवा उतरतो. निम्म्याहून अधिक असलेला मका त्याला मऊपणा देतो आणि थोडीशी राय शेवटी तिखटपणाची आठवण ठेवून जाते. चमचाभर पाणी घातल्यावर ऐंशी प्रूफाची व्हिस्की पांगून जाते, ही जात नाही. चार वर्षांचे कोवळेपण लपत नाही, कच्च्या लाकडाचा एक तुरट काठ राहतोच. त्याबद्दल तक्रार करण्याचे मला कारण दिसत नाही. महाराष्ट्रात हा प्रयोग करणाऱ्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवाना जवळ बाळगावा लागतो. आणि आयात जकात फेब्रुवारी २०२५ मध्ये दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आली असली, तरी येथे पोहोचेपर्यंत ती बाटली स्वस्त या सदरात राहत नाही.

एका गोष्टीची हमी कायद्याने कधीच दिली नाही, ती म्हणजे चवीची. साध्या व्हिस्कीत एका हंगामाचे उणे दुसऱ्या हंगामाची पिंपे मिसळून झाकता येते. जामिनी मालात ती मुभा नाही. म्हणून एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन बाटल्या वर्षाच्या अंतराने घेतल्या आणि त्यांत एक किंचित उजवी निघाली, तर ती दुकानदाराची लबाडी समजू नये. स्वस्त बाटलीवर आज हंगाम सहसा छापत नाहीत, एवढेच.