दोन टेलिफोनांचं गाव

परवा कामानिमित्त इंडियाना राज्यातल्या एका लहानशा गावी जाणं झालं. काम दुपारीच आटोपलं. परतीच्या प्रवासाला अजून वेळ होता, म्हणून गावात एक चक्कर मारली. अमेरिकेतल्या अशा गावांचा साचा ठरलेला असतो. मधोमध कोर्टाची जुनी दगडी इमारत, भोवती चार रस्ते, आणि कोपऱ्यावर एखादं एवढंसं संग्रहालय. आत नांगर, लोणी काढायची यंत्रं, कुणाच्या तरी पणजीचा लग्नातला पोशाख. इथेही तेच होतं. पण भिंतीवर एका किराणा दुकानाची शंभरेक वर्षांपूर्वीची जाहिरात चौकटीत लावली होती. पीठ, साखर, रॉकेल वगैरे यादी, आणि तळाशी ठळक अक्षरांत दोनच शब्द : 'दोन्ही फोन'.

मला वाटलं, दुकान मोठं असेल, मालकानं हौसेनं दोन फोन घेतले असतील. संग्रहालय सांभाळणाऱ्या आजींना विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "हौस कसली! गावात दोन कंपन्या होत्या. एकीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर बोलताच यायचं नाही. सगळी गिऱ्हाइकं हवीत तर दोन्ही फोन घ्यायलाच लागायचे."

मंडळी, इतकी वर्षं या देशात काढली, पोटापाण्याचा धंदाही संगणकाच्या जाळ्यांचाच, पण हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्या काळाविषयी हाताला लागेल ते वाचून काढलं. तुम्हाला ते सांगावंसं वाटलं याचं कारण मात्र टेलिफोन नव्हे. त्याचं कारण आमची आत्या.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्यानं फर्मान काढलं : आपला घरचा ग्रुप नेहमीच्या अ‍ॅपवरून उचलून एका नव्या अ‍ॅपवर न्यायचा. नवं अ‍ॅप जास्त सुरक्षित, जाहिराती नाहीत, वगैरे वगैरे. ग्रुपमध्ये आम्ही चौतीस जण. आठवड्याभरात सत्तावीस जण नव्या घरी दाखल झाले. आत्या कऱ्हाडला असते, वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ती काही हलेना. पुतण्यानं फोनवर पुष्कळ समजावलं. शेवटी ती म्हणाली, "अरे, माझ्या भजनी मंडळातल्या बायका आहेत का तिकडं? नाहीत ना? मग मी तिकडं येऊन कुणाशी बोलू, भिंतीशी?" तिसऱ्या आठवड्यात चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्यानं ती बातमी जुन्या ग्रुपवर टाकली, मुलाच्या फोटोसकट. संध्याकाळपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस माणसं जुन्या घरी परत!

आता गंमत बघा. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ, म्हणजेच बेल कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल यांनी १९०८ सालच्या वार्षिक अहवालात जे लिहिलं, ते जवळजवळ आत्याचंच म्हणणं आहे. दुसऱ्या टोकाला कुणी जोडलेलं नसेल तर टेलिफोन हे खेळणंसुद्धा नव्हे, ती जगातली एक अगदी निरुपयोगी वस्तू आहे. तिची किंमत जोडण्यांवर ठरते आणि जोडण्या वाढतील तशी वाढते, अशा अर्थाचं ते म्हणणं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी याला 'नेटवर्क इफेक्ट' असं भारदस्त नाव दिलं. याचा सरळ अर्थ असा की ज्याचं जाळं आधीच मोठं आहे त्याच्याकडेच नवा माणूस जाणार, त्यामुळे ते आणखी मोठं होणार, आणि मागून आलेल्यानं गाशा गुंडाळायचा.

तर्क बिनतोड वाटतो. पण मग त्या गावात दोन फोन आले कुठून?

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची टेलिफोनची दोन मुख्य पेटंटं १८७६ आणि १८७७ सालची. तेव्हा पेटंटाची मुदत सतरा वर्षांची असे, म्हणून ती १८९३ आणि १८९४ मध्ये संपली. तोवर बेल कंपनीला रान मोकळं होतं. तिनं फोन दिले ते मुख्यतः मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांना, आणि तेही चढ्या दरानं. लहान गावं आणि शेतकरी यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. एकेका घरासाठी मैल न् मैल तार ओढण्यात कसला आलाय फायदा?

पेटंटं संपली आणि देशभर हजारो लहान लहान टेलिफोन कंपन्या उगवल्या. कुठे गावचा डॉक्टर, कुठे बँकवाला, कुठे शेतकऱ्यांनी वर्गणी काढून केलेली सहकारी संस्था. खांबांचा खर्च नको म्हणून काही शेतकऱ्यांनी तर कुंपणाच्या काटेरी तारेतूनच बोलणं पाठवलं! इंडियाना, ओहायो, आयोवा हे या मंडळींचे बालेकिल्ले. इंडियानातल्याच ला पोर्ट या गावी १८९२ मध्ये ऑपरेटरशिवाय आपोआप नंबर जोडणारं पहिलं सार्वजनिक टेलिफोन केंद्र सुरू झालं. ते यंत्र शोधणारा आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवणारा व्यावसायिक. टेलिफोनवाली बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणे. बेल कंपनीनं हे तंत्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं ते १९१९ पासून पुढे.

१९०७ च्या सरकारी गणनेत देशात सुमारे ६१ लाख टेलिफोन भरले. त्यांपैकी बेलचे ३१ लाख आणि बाकीच्यांचे ३० लाखांच्या आसपास. म्हणजे जिचं जाळं आधीपासून होतं, जिच्याकडे पैसा होता, न्यूयॉर्क ते शिकागो लांब पल्ल्याची तार होती, तिच्या बरोबरीला ही किरकोळ मंडळी तेरा वर्षांत येऊन बसली.

हे कसं झालं? इंडियानातल्या शेतकऱ्याला न्यूयॉर्कच्या दलालाशी बोलायचं नव्हतं. त्याला बोलायचं होतं शेजारच्या चाळीस घरांशी, डॉक्टरशी आणि धान्याच्या व्यापाऱ्याशी. ते सगळे एका लहान जाळ्यात होते आणि बेलच्या मोठ्या जाळ्यात त्यांतलं कुणीच नव्हतं. त्याच्या लेखी चाळीस फोनांचं जाळंच मोठं. जाळं किती मोठं हे डोकी मोजून ठरत नाही, आपल्याला हवी ती माणसं त्यात आहेत का यावर ठरतं. आत्याच्या भाषेत, भजनी मंडळ कुठे आहे?

हाच डाव शंभर वर्षांनी फेसबुकनं खेळला. फेब्रुवारी २००४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी होतं. मग एकेक विद्यापीठ. सर्वांना दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. तेव्हा मायस्पेस त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पनं २००५ मध्ये ते ५८ कोटी डॉलरच्या सौद्यात घेतलं होतं. पण हार्वर्डच्या पोराला हवी होती ती वर्गातली माणसं, आणि ती सगळी फेसबुकवर होती. मायस्पेस २०११ मध्ये साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास विकलं गेलं.

आपल्याकडे तेव्हा ऑर्कुटचं राज्य होतं. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, आपापल्या शाळेची कम्युनिटी, आठवतंय ना? तेही २००४ चंच, गूगलमधल्या ऑर्कुट ब्युककोक्तेन या तुर्की इंजिनियरनं केलेलं. २०१० मध्ये फेसबुकनं भारतात त्याला मागे टाकलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. म्हणजे जुनं आणि मोठं असणं हा अमरपट्टा नव्हे.

पण नुसतं नवं आणि चांगलं असणंही पुरत नाही. जून २०११ मध्ये गूगल प्लस आलं. माझ्यातल्या इंजिनियरला ते फार आवडलं. मित्र वेगळे, नातेवाईक वेगळे, ऑफिसचे वेगळे अशी वर्तुळं करायची सोय होती. मागे गूगलचा पैसा आणि जीमेलची कोट्यवधी खाती. पण फेसबुकनं बाहेर ठेवलेली माणसं त्यावर होती कुठे? तीच माणसं, तेच फोटो. ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलनंच सांगितलं की तिथे येणाऱ्यांच्या शंभरातल्या नव्वद भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात. एप्रिल २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी ते बंद झालं. आमच्या पुतण्याचं झालं तेच गूगलचं झालं.

आता पुन्हा टेलिफोनकडे. कारण खरा धडा पुढे आहे.

१९०७ मध्ये वेल बेल कंपनीच्या अध्यक्षपदी आले. गडी हुशार. त्यांनी ओळखलं की सगळ्यांशी लढत बसण्यात अर्थ नाही. ज्या लहान कंपन्या आपल्या गावात स्पर्धा करत नाहीत त्यांना त्यांनी लांब पल्ल्याच्या तारांवर जोडून घ्यायचं धोरण पुढे रेटलं. ज्या स्पर्धा करत होत्या त्या शक्य तिथे विकत घेतल्या. लहान्यांची एकी फुटली. अखेर सरकारनं मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा डिसेंबर १९१३ मध्ये कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्सबरी यांनी पत्र लिहून कबूल केलं की इतर कंपन्यांच्या ग्राहकांना आम्ही लांब पल्ल्याची सेवा देऊ आणि सरकारला विचारल्याशिवाय प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेणार नाही.

वाटलं, जिंकले लहान लोक. पण पत्रात एक मेख होती. गावातल्या गावात दोन कंपन्यांनी एकमेकींचे फोन जोडावेत असं त्यात काही नव्हतं. दोन फोनांचा त्रास तसाच राहिला. लोकही कंटाळले आणि म्हणू लागले, एकच कंपनी असू द्या बाबा. १९२१ च्या कायद्यानं एकत्रीकरणाला वाट मोकळी केली आणि 'दोन्ही फोन' हे शब्द हळूहळू जाहिरातींतून गेले. बेलचं साम्राज्य त्यानंतर टिकलं ते थेट १ जानेवारी १९८४ ला सरकारनं त्याचे तुकडे होईपर्यंत.

म्हणजे दोन जाळ्यांच्या मधल्या भिंतीला दार ठेवलं की नाही, यावर सगळं ठरतं. दार ठेवलं तर काय होतं हे तुम्ही भारतात स्वतः पाहिलंय. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि सहा महिन्यांच्या आत त्याचे दहा कोटी ग्राहक झाले. फुकट सेवा हे कारण होतंच. पण जिओवरून फक्त जिओवाल्यांशीच बोलता आलं असतं तर किती जणांनी ते फुकटसुद्धा घेतलं असतं? जुन्या कंपन्यांना कॉल जोडून देणं नियमानं भाग होतं. त्यांनी जोडण्या पुरेशा दिल्या नाहीत म्हणून ट्रायनं ऑक्टोबर २०१६ मध्ये तिघांवर मिळून ३०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. हे १९१३ चंच भांडण, फक्त या वेळी दार कायद्यात आधीपासून होतं.

सोशल नेटवर्कांना असं दार नाही. म्हणून नवा आला की जुना त्याला विकत घेतो : फेसबुकनं २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं, २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप. टिकटॉक मात्र वेगळ्याच वाटेनं शिरलं. तिथे ओळखीचं माणूस लागतच नाही, अनोळखी लोकांचे व्हिडिओ आपोआप समोर येतात. भजनी मंडळाची अटच काढून टाकली! भारतात जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या न्यायालयानं फेसबुकच्या बाजूनं मक्तेदारीचा निकाल दिला तेव्हा स्पर्धा आहे याचा दाखला म्हणून याच टिकटॉककडे बोट दाखवलं. करमणुकीपुरतं ते खरं आहे. पण लग्न ठरल्याची बातमी आत्या अनोळखी माणसांना थोडीच सांगणार? घरच्या बोलण्याला ओळखीचीच माणसं लागतात, आणि तिथे भिंत तशीच उभी आहे.

युरोपनं ती फोडायला घेतली आहे. मार्च २०२४ पासून तिथल्या कायद्यानं व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरला, दुसऱ्या अ‍ॅपनं मागणी केली तर, संदेशांची देवाणघेवाण करू देणं बंधनकारक झालं. संदेशांची गुप्तता सांभाळून हे करणं सोपं नाही, एवढं माझा धंदा मला सांगतो. पण १८९४ नंतरची गोष्ट वाचली की वाटतं, खटपट करण्याजोगी आहे. कारण त्या लहान कंपन्या शेवटी हरल्या, पण त्यांनी धाक घातला म्हणूनच बेलनं दर उतरवले आणि गावांकडे तारा ओढल्या. धाक नसता तर इंडियानातला शेतकरी आणखी कितीतरी वर्षं फोनची वाट बघत बसला असता. आपणही १९८० च्या दशकात फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलोच होतो की.

असो. आत्या अजूनही जुन्याच अ‍ॅपवर आहे आणि रोज सकाळी न चुकता गणपतीचा फोटो पाठवते. नव्या अ‍ॅपवर आता फक्त पुतण्या आणि मी उरलोय. त्याचं मन मोडवत नाही म्हणून मी ते काढलेलं नाही. त्या किराणा दुकानदारासारखेच माझेही 'दोन्ही फोन' चालू आहेत.