आईच्या दुखण्याची पाळी

दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. पण ते घरात शिरले की कोणाकडे आधी पाहायचे याचाही एक क्रम लागतो, तो या म्हणीत आलेला नाही. मिळवत्या माणसाला ताप आला की तडक डॉक्टर. मुलाला आला तर आधी काढा, मग डॉक्टर. आणि आईला आला तर ती पदर खोचून म्हणते, "काही नाही, जरा अंग कसकसतंय एवढंच." हा क्रम मायेच्या अभावी लागत नाही, पैशाच्या अभावी लागतो. तो कायद्याने बदलतो काय? विलायतेत तो कसा बदलत गेला, याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. राजेराण्यांचा आणि लढायांचा इतिहास आम्ही मास्तर मंडळी वर्गात शिकवतोच. हा इतिहास चष्म्यांचा, कवळ्यांचा आणि बाळंतपणांचा आहे.

१९११ साली तिथले अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा करून घेतला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन घालायचे आणि सरकारने दोन. कामगार आजारी पडला तर त्याला आठवड्याला १० शिलिंग मिळत आणि नेमलेल्या डॉक्टरकडे औषधपाणी होई. ज्या घरात एका खाड्याने चूल थंडावे, तिथे हे केवढे मोठे कवच! परंतु त्यात एक भोक होते, आणि ते नेमके स्वयंपाकघराच्या बाजूला होते. विमा कामगाराचा; त्याच्या बायकोचा नव्हे, मुलांचा नव्हे. दिवसभर धुणे, भांडी आणि पाणी वाहून नेणाऱ्या बाईला कायद्याच्या लेखी नोकरी नव्हती. मग आजारपण तरी कुठून असणार?

बायकोच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती. विमेदाराच्या घरी बाळंतपण झाले की ३० शिलिंग मिळत. पण तेही नवऱ्याच्या हाती! बाळंतीण अंथरुणावर आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात. सगळेच नवरे काही ते दारूच्या गुत्त्यावर उडवीत नसतील. परंतु हक्क तो हक्क. तिकडच्या सहकारी चळवळीतल्या बायकांच्या संघाने हा प्रश्न लावून धरला आणि १९१३ साली ते पैसे आईचे ठरले. त्याच संघाने १९१५ मध्ये कामकरी बायांची १६० पत्रे पुस्तकरूपाने छापली. डॉक्टरची फी साठवण्यासाठी गरोदरपणी स्वतः अर्धपोटी राहिल्याच्या कहाण्या त्यांत आहेत. पुढे १९३९ साली १२५० कामकरी गृहिणींच्या प्रकृतीची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही चित्र तेच होते: घरात सर्वांचे पाहून झाल्यावर आईची पाळी, आणि बहुधा ती येतच नसे.

मग बदल आला कुठून? त्याचे एक मूळ वेल्समधल्या ट्रेडेगर या कोळशाच्या खाणींच्या गावात सापडते. तिथल्या कामगारांनी आपसांत एक वैद्यकीय साह्य मंडळ चालवले होते. पगारातून थोडी वर्गणी कापून द्यायची आणि त्या बदल्यात साऱ्या घराने, बायकोमुलांसकट, डॉक्टरांकडे जायचे. ए. जे. क्रोनिन हे कादंबरीकार १९२० नंतरच्या काही वर्षांत इथेच डॉक्टर होते. त्यांच्या 'द सिटाडेल' या कादंबरीवरून पुढे १९७१ साली आपल्याकडे 'तेरे मेरे सपने' हा चित्रपट निघाला, तो पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. याच गावात १८९७ साली जन्मलेला अन्युरिन बेव्हन नावाचा खाणमजुराचा मुलगा लहानपणीच खाणीत उतरला, आणि १९४५ मध्ये देशाचा आरोग्यमंत्री झाला.

त्याच्याआधी १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल आला होता. (हे गृहस्थ जन्मले बंगालातील रंगपुरात!) बेव्हनने विम्याच्या पावतीची अट काढून टाकली आणि ५ जुलै १९४८ पासून रहिवासी तेवढा हक्कदार ठरवला. त्या मध्यरात्री वेल्समधल्या एका लहानशा इस्पितळात एक बाई अडली होती. बारा वाजेपर्यंत दम धरा, असे तिला सांगण्यात आले. बारा वाजून एक मिनिटाने मुलगी झाली. तिचे नाव बेव्हनच्या नावावरूनच ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यांत रांगा लागल्या. रांगांत बायका फार होत्या. बाळंतपणातली वर्षानुवर्षे लपवलेली दुखणी त्या पहिल्यांदाच बोलून दाखवीत होत्या. पहिल्या वर्षात ५० लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. तोवर गरीब माणूस दुकानाच्या फळीवरचे स्वस्त चष्मे एकामागून एक डोळ्यांना लावून बघे आणि त्यातल्या त्यात बरा दिसेल तो उचली! खर्च अर्थातच अंदाजाबाहेर गेला. १९५१ मध्ये चष्मे-कवळ्यांवर आकार बसवण्याचे ठरताच बेव्हनने राजीनामा दिला. १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवरही एक शिलिंग बसला. फुकटाचे कोणी तरी भरतोच, हे खरे. पण ते दुखणाऱ्याने दुखतेवेळी भरायचे की सर्वांनी मिळून आधीच भरून ठेवायचे, हाच तर वाद आहे.

त्याच १९४८ साली आपल्याकडेही कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली इथे योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. गंमत पाहा, आपलीही सुरुवात एकट्या कामगारापासूनच झाली. कुटुंबाला औषधोपचार मिळू लागले ते १९५८ पासून. त्यातही गिरणगावातल्या कामगाराचे बिऱ्हाड बहुधा रत्नागिरी-साताऱ्याकडे. दवाखाना परळला आणि खोकला गावी, मधे मनिऑर्डर!

२०१८ पासून सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचार मिळतात, आणि कुटुंबात माणसे किती व कोणत्या वयाची, याला मर्यादा नाही. शंभर वर्षांपूर्वीचे ते भोक इथे तरी कागदावर बुजले. परंतु खाटेवर पडण्याआधीचे दुखणे, रोजची गोळी, डॉक्टरकडची पहिली फेरी, यांचा खर्च पुष्कळसा अजून घरच्याच डब्यातून निघतो. आणि डब्यातल्या पैशांचा प्रश्न आला की जुना क्रम पुन्हा लागतो.

फराळाची ताटे समोर आहेत, त्यांवर इस्पितळाच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. हे ताट करताना जी चार दिवस चुलीपुढे उभी होती, तिचे गुडघे दुखतात काय, एवढे तरी पाडव्याच्या ओवाळणीआधी विचारावे. 'काही नाही' असे उत्तर आले, तर ते खरे मानू नये.