तिकीट, पाठिंबा आणि बदनामी : नगरची १९९१ ची निवडणूक

मंडळी, आमचं गाव नागापूर. नगर शहरातून मनमाड रस्त्याला लागलात आणि सीना नदीचा पूल ओलांडलात की येतं ते. आता गाव कसलं, एमआयडीसीच्या पोटात गेलेलं शहराचं टोक! जिल्ह्याचं नावही २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय. तर सांगायचं म्हणजे, हा मनमाड रस्ता पुढे राहुरी, कोल्हार करत लोणीकडे जातो आणि राहुरीवरून वळलं की सोनई. लोणी म्हणजे विखे आणि सोनई म्हणजे गडाख. जिल्ह्याच्या राजकारणातली दोन मोठी घराणी आमच्या दारावरून जाणाऱ्या एकाच रस्त्यावर. त्यामुळे निवडणूक आली की आमच्या गावातून दोन्हीकडच्या जीपगाड्या धुरळा उडवत जायच्या आणि पारावर चर्चेला तोटा नसायचा.

हे सगळं आठवायला निमित्त झालं अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाचं. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाही आधी मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये तसा कायदा केला, तो उमेदवारी चार पुढाऱ्यांच्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी. मग एकाच पक्षातले दोघंतिघं लोकांपुढे येतात, अमक्या संघटनेचा मला पाठिंबा, तमक्या गव्हर्नरचा मला पाठिंबा असं सांगतात आणि एकमेकांची यथेच्छ उणीदुणीही काढतात. भाऊ फोनवर म्हणाला, "आपल्याकडे असलं काही नाही, बरंय." मी म्हटलं, आपल्याकडे हे सगळं आहे बाबा! फक्त मतदान तेवढं नाही. आणि ते नसल्यामुळे काय होतं, हे बघायचं तर १९९१ च्या नगर लोकसभा निवडणुकीइतकं चांगलं उदाहरण सापडायचं नाही.

आधी माणसं सांगतो. बाळासाहेब विखे पाटील म्हणजे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांचे चिरंजीव. १९७१ पासून कोपरगाव मतदारसंघातून सलग काँग्रेसचे खासदार. यशवंतराव गडाख म्हणजे सोनईच्या मुळा कारखान्याचे, आणि १९८४ पासून नगरचे काँग्रेसचे खासदार. दोघं एकाच पक्षाचे, एकाच जिल्ह्याचे, दोघंही सहकारातून आलेले. १९९१ साली काँग्रेसने विखे यांना तिकीट नाकारलं. तेव्हा राज्यातली काँग्रेस म्हणजे शरद पवार, आणि पवार-विखे यांचं सूत कधी जुळलं नाही, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. विखे यांनी बंड केलं आणि शेजारच्या नगर मतदारसंघात गडाखांविरुद्ध अपक्ष म्हणून अर्ज भरला.

म्हणजे बघा, ही खरं तर काँग्रेसची घरातली निवडणूक. कोण जास्त योग्य, कुणामागे किती सभासद, किती गावं, हे पक्षाच्या आत मोजता आलं असतं. ते मोजायची सोयच नव्हती. म्हणून जे भांडण माजघरात व्हायचं, ते लोकसभेच्या मैदानात आलं. पाठिंब्याचं म्हणाल तर तो कारखान्याच्या गटांप्रमाणे, सोसायट्यांप्रमाणे, भावकीप्रमाणे वाटला गेला. एकाच वाड्यातले दोन भाऊ दोन पत्रकांवर सह्या करून मोकळे. आणि दोन उमेदवारांत धोरणाचा फरक असा काही नसला की बोलायला उरतं काय? माणूस. त्याची नियत, त्याचा पैसा.

गडाख निवडून आले. विखे यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केली. त्यांचं म्हणणं असं की प्रचारसभांमधून माझ्याविषयी धादांत खोटं सांगितलं गेलं. मी मतदारांना पैसे आणि वस्तू वाटतो, दुसऱ्या उमेदवाराला माघारीसाठी पैसे देऊ केले, अशा गोष्टी सांगून माझी बदनामी केली गेली. नुसतं गडाखांचंच नव्हे, तर शरद पवारांच्या भाषणांचंही नाव त्यात होतं.

आता इथे कायदा जरा समजून घेऊ, कारण गंमत त्यातच आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्यातलं कलम १२३. निवडणुकीतली भ्रष्ट आचरणं कोणती, याची यादी त्यात आहे. लाच, धाकदपटशा, धर्म-जातीच्या नावाने मत मागणं वगैरे. त्यातलंच चौथं पोटकलम बदनामीचं. विरोधी उमेदवारावर टीका करायला मुभा आहे, हवी तेवढी करा. पण विधान वस्तुस्थितीबद्दल असेल, ते खोटं असेल, बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत असेल किंवा खरं असल्याचा त्याचा विश्वास नसेल, ते त्या उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल असेल आणि त्याने त्याच्या निवडून येण्याला धक्का बसेल असं असेल, तर ते भ्रष्ट आचरण. 'याने पाच वर्षांत एक बंधारा बांधला नाही' हे चालतं. 'याने अमक्याला एवढे पैसे देऊ केले' हे खोटं असेल तर चालत नाही. एवढ्या सगळ्या अटी एकदम सिद्ध करायच्या म्हणजे खायचं काम नाही. गावच्या मैदानात झालेल्या सभेत कोण नेमकं कोणत्या शब्दांत काय बोललं, हे वर्षभराने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सांगायचं असतं. म्हणून बहुतेक याचिका तिथेच गळून पडतात.

ही पडली नाही. १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने गडाखांची निवडणूक रद्द केली आणि पवारांवरही ठपका ठेवला. पवार तेव्हा नुकतेच दिल्लीहून परत येऊन मुख्यमंत्री झालेले, त्यामुळे केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये निकाल लागला. पवारांवरचा ठपका निघाला, पण गडाखांची निवडणूक रद्द झाली ती झालीच. १९९४ मध्ये पोटनिवडणूक होऊन मारुती शेळके खासदार झाले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी निकालपत्राच्या शेवटी प्रचाराच्या घसरत्या पातळीबद्दल चार शब्द सुनावले आहेत. वरच्या नेत्यांचं बघून खालचे वागतात, म्हणून प्रचाराची पातळी राखण्याची जबाबदारी वरच्यांचीच जास्त, असा त्याचा मथितार्थ.

हा निकाल किती वेगळा, हे लांबचं उदाहरण घेतलं की कळतं. इंग्लंडमध्ये २०१० साली फिल वूलस नावाच्या मजूर पक्षाच्या माजी मंत्र्याची खासदारकी अशाच कारणाने गेली. अवघ्या १०३ मतांनी निवडून आले होते. विरोधी उमेदवाराबद्दल पत्रकांत खोटं छापलं, असं निवडणूक न्यायालयाने ठरवलं. तिकडची वर्तमानपत्रं म्हणाली, ९९ वर्षांत असं झालं नव्हतं. आमच्या नगरने ते १९९३ मध्येच करून दाखवलं होतं!

पण मंडळी, मला सांगायचंय ते पुढचं आहे.

विरोधक पैसे वाटतो असं जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात दोन माणसं असतात. एक देणारा आणि एक घेणारा. बदनामीच्या या पोटकलमाला फक्त देणारा दिसतो, कारण तो उमेदवार. घेणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. पण तो असतो की! तो म्हणजे त्या उमेदवाराला मत देणारा प्रत्येक जण, त्याच्या बाजूची सगळी गावं.

माझ्या आत्याचं सासर अशाच एका गावात. सगळं गाव विखे यांना मानणारं. त्यांच्याकडे पाणी, शाळा, कारखाना यांवरून लोणीबद्दल आदर होता आणि त्यासाठी कुणी कुणाला दमडी दिली नव्हती. १९९१ च्या दिवाळीत ती भाऊबीजेला नागापूरला आली. जेवणं चालली होती. माझे एक चुलत काका हसत हसत म्हणाले, "काय ताई, तुमच्या गावाला घरटी किती आले?" सगळे हसले. आत्या हसली नाही. ताटावरून उठलीही नाही, मुकाट्याने जेवली आणि संध्याकाळच्या एसटीने निघून गेली. पुढच्या भाऊबीजेला "घरी कामं आहेत" असा निरोप आला. त्याच्या पुढच्याही.

त्या दुसऱ्या दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आजोबांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून ठेवली आणि आठवड्याने वडिलांबरोबर आत्याच्या गावी पाठवली. आजोबा स्वतः गडाखांचे मतदार. तरी त्यांनी ती पाठवली, याचं मला फार वाटतं. आत्याने कात्रण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि वडिलांना म्हणाली, "कोर्टानं साहेबांची अब्रू परत दिली दादा. आमची कोण देणार?"

या प्रश्नाला कलम १२३ मध्ये उत्तर नाही. मी शोधून पाहिलंय. उमेदवाराच्या चारित्र्याला संरक्षण आहे, मतदाराच्या चारित्र्याला नाही. आणि अडीच वर्षांनी लागलेला निकाल खासदारकी काढून घेऊ शकतो, पण जेवणाच्या पंगतीत बोललेलं वाक्य काढून घेऊ शकत नाही.

मग उपाय काय? पक्षातल्या पक्षात मतदान? तेही करून झालंय. २०१४ मध्ये राहुल गांधींनी देशातल्या मोजक्या मतदारसंघांत अमेरिकेसारखी प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात मतदान होऊन उमेदवार कोण ठरला, तर मावळते खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. दोन्ही जागा काँग्रेस हरली आणि त्याच वर्षी मेघे भाजपमध्ये गेले. म्हणजे मतदान आलं, पण घराणं होतं तिथेच राहिलं. तरी मी म्हणेन की तो प्रयोग अगदीच टाकाऊ नव्हता. निदान हरणाऱ्याला आपण का हरलो हे आकड्यात कळलं. १९९१ मध्ये विखे यांना ते कळायला मार्गच नव्हता.

आणि तिकिटाचं ते जुनं दुखणं मिटलंही नाही. विखे १९९८ मध्ये याच नगरमधून शिवसेनेच्या तिकिटावर निवडून आले, पुढे वाजपेयींच्या सरकारात मंत्री झाले, मग पुन्हा काँग्रेसमध्ये आले. २०१९ मध्ये त्यांचे नातू सुजय यांना नगरची जागा हवी होती. ती वाटपात राष्ट्रवादीकडे, म्हणजे पुन्हा पवारांकडे. ती सुटली नाही, सुजय भाजपमध्ये गेले आणि जिंकले. अठ्ठावीस वर्षांनी तोच खेळ, तेच दोन आडनावांचे खेळाडू!

२०२४ मध्ये सुजय विखे विरुद्ध नीलेश लंके अशी लढत झाली. प्रचारात सुजय यांनी लंके यांना इंग्रजीवरून डिवचलं. माझ्यासारखं इंग्रजी महिनाभरात बोलून दाखवा, मी अर्जच भरणार नाही, अशा अर्थाचं. टोला लंके यांना होता. पण आमच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा, पारनेरात ज्वारी पेरणारा, इंग्रजी न येणारा जो जो होता, त्याला तो आपल्यालाच लागला असं वाटलं असणार. लंके निवडून आले आणि लोकसभेत शपथ इंग्रजीतून घेतली. यात खोटं काही नव्हतं, म्हणून कायद्याचा प्रश्नही नव्हता. पण जात तीच. उमेदवाराला मारलेला दगड मतदाराच्या अंगणात पडतो.

बाळासाहेब विखे २०१६ मध्ये गेले. त्यांचं 'देह वेचावा कारणी' हे आत्मचरित्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. गडाखांनीही 'अर्धविराम' लिहिलं. दोघांच्या बाजू आता पुस्तकात आहेत, ज्याला हवं त्याने वाचाव्यात. आत्यासारख्यांची बाजू कुठल्या पुस्तकात येत नाही, म्हणून हा खटाटोप.

घरातली मंडळी हे वाचतीलच, त्यांच्यासाठी एक सांगतो. आत्या नंतर यायला लागली. काकांनी माफी वगैरे मागितली नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही. एका वर्षी ते स्वतः तिला आणायला गेले, एवढंच. पुढची निवडणूक येईल तेव्हा व्याख्यानं सगळीकडे होतील, मोबाईलवर काय काय फिरत येईल. उमेदवारांना काय बोलायचं ते बोला, ते निवडणुकीला उभे आहेत. पण 'त्या गावचे तसलेच', 'त्यांनी किती घेतले' हे पुढे पाठवण्याआधी त्या गावात आपलं कोण दिलंय, हे एकदा आठवून बघा.

असो. फार लांबलं.