गच्चीवरून दिसणारी गोदामं

आपल्या गच्चीवरून पूर्वेला पाहिलं की हार्बर लाइनच्या पलीकडे उतरत्या छपरांच्या रांगा दिसतात. नवीन सभासद विचारतात, ही कसली पडीक शेड? ती पोर्ट ट्रस्टची कापसाची गोदामं. आपल्या स्टेशनाचं 'कॉटन ग्रीन' हे नाव त्या कापसामुळेच.

खरं तर मुंबईतलं हे तिसरं कॉटन ग्रीन. पहिलं कोटात, आज हॉर्निमन सर्कल आहे तिथल्या मैदानावर. गासड्या उघड्यावरच पडलेल्या असत. १८४०च्या सुमारास बाजार कुलाब्याला गेला आणि १९२०नंतर इथं, शिवडीला. शहर वाढलं की कापसाला उठवायचं, असाच तो क्रम! इथं जागा होती आणि रेल्वेही होती. १९१५ साली पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत जाऊन ती जीआयपी आणि बीबीसीआय या दोन्ही मार्गांना जोडलेली होती. त्यामुळे वऱ्हाड-खानदेशचा माल वॅगनमधून थेट बंदराच्या आवारात येई. मालधक्क्याचा ओटा वॅगनच्या तळाइतका उंच का असतो, तर गासडी उचलावी न लागता सरकवता यावी म्हणून.

गोदामांमध्ये रुंद रस्ते सोडले आहेत, ते आगीच्या धास्तीनं. कापूस आतल्या आत धुमसतो. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गासड्याही भरलेल्या होत्या, आणि आग त्यांनाच आधी लागली होती.

आमच्या बँकवाल्यांचाही गोदामांशी संबंध असे. व्यापाऱ्याला मालतारणावर कर्ज दिलं की गोदामाला कुलूप बँकेचं, दारावर पाटी बँकेची. तपासणीला जायचं, थप्पीची लांबी-रुंदी-उंची मोजून गुणाकार करायचा. पण बाहेरून थप्पी भरलेली दिसते, मधे पोकळी असली तर? म्हणून अनुभवी गोदामकीपर वर चढून बघायला लावत. गासडी साधारण १७० किलोची. ती पाठीवर घेणारा माणूस मोजमापात कुठेच येत नसे. त्याच्यासाठी माथाडी कायदा झाला तो १९६९ साली.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिऱ्हाईकच गेलं, उरलेला माल ट्रकवर गेला, आणि साइडिंगवर गवत उगवलं.

आता बंदराच्या जमिनींवर नव्या योजना येताहेत. गोदामं राहतील की नाही, हे आपल्या हातात नाही. पण आपल्याच सोसायटीत दोन-तीन घरांतले वडीलधारे तिथं आकडा घेऊन राबलेले आहेत. त्यातले एक नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं, पण कुठल्या रांगेत कुठला कापूस असे ते अजून घडाघडा सांगतात. मी वही घेऊन शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बसतो. मोबाइलवर आवाज टिपून घेणारं कुणी तरुण सोबत येणार असेल, तर हवंच आहे.