घरगुती बिअर, माल्ट-अर्काची

कारखान्यात तयार झालेल्या माल्ट-अर्कापासून घरच्या स्वयंपाकघरात बनविलेली बिअर. मोड आणून वाळविलेल्या बार्लीचा गोड काढा निर्वात स्थितीत आटविला म्हणजे माल्ट-अर्काचा दाट पाक मिळतो. त्यात सुमारे ८०% घनद्रव्य असते. धान्य भरडून भिजविण्याची क्रिया त्यामुळे टळते आणि एक पातेले, झाकणाचे किण्वनपात्र व बाटल्या एवढ्या साहित्यावर काम भागते. ही पद्धत विसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेत रूढ झाली. तिची वाटचाल मुख्यतः कायद्याने ठरविली.

ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरील कर रद्द करून किण्वनापूर्वीच्या काढ्याच्या विशिष्ट गुरुत्वावर कर बसविला. साहजिकच बिअर जितकी तीव्र, तितका कर अधिक झाला. घरी बिअर करणाऱ्यासही परवाना आवश्यक ठरला. रेजिनल्ड मॉडलिंग यांच्या १९६३ च्या अर्थसंकल्पाने ही अट काढून टाकली. विक्री मात्र निषिद्धच राहिली. तीव्र बिअर करभाराविना घरी करणे त्यामुळे शक्य झाले.

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून दारूबंदी लागू झाली. तथापि माल्ट-अर्क खाद्यपदार्थ म्हणून डब्यांतून उघडपणे विकला जाई व त्यापासून घरोघरी चोरून बिअर होई. दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली; परंतु घरगुती वाइनला मिळालेली सूट बिअरला मिळाली नाही. अध्यक्ष कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही उणीव दूर झाली. त्यानुसार एका प्रौढास वर्षाला १०० व दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर करमुक्त करता येते. अंतिम अधिकार घटक राज्यांचा असल्याने मिसिसिपी व ॲलाबॅमा येथे ही मुभा २०१३ मध्येच मिळाली.

तीव्र बिअर करताना अपुऱ्या साधनांची मर्यादा विशेष जाणवते. दहा लिटर काढ्याचे विशिष्ट गुरुत्व १·०८० होण्यास सुमारे २·७ किग्रॅ. पाक लागतो, किण्वनाअंती ते १·०२० वर आल्यास अल्कोहॉल आकारमानाने ८ टक्क्यांच्या जवळपास भरते. लहान पातेल्यात सर्व पाक एकदम उकळल्यास काढा काळपट होतो व दाट द्रवात हॉपचा कडवटपणा कमी उतरतो. म्हणून थोड्या पाकाबरोबर हॉप उकळून उरलेला पाक शेवटी घालतात आणि थंड पाण्याने आकारमान पुरे करतात. शर्करेच्या आधिक्याने यीस्टवर ताण पडतो. यास्तव यीस्ट जास्त घेऊन थंड झालेला काढा किण्वनापूर्वी हवेशी चांगला घुसळावा लागतो. तापमान २०° से. च्या आसपास न राखल्यास उग्र चवीची उच्च अल्कोहॉले तयार होतात. तीव्र बिअरचे किण्वन रेंगाळत असल्याने विशिष्ट गुरुत्व काही दिवस स्थिर राहिल्यावरच ती बाटल्यांत भरतात. घाई झाल्यास कार्बन डाय-ऑक्साइडाच्या दाबाने बाटल्या फुटून इजा होऊ शकते.