दोन गोळ्यांची गोष्ट

मंगळवारी रात्री ऑफिसातून येताना मेडिकलमधून दहा गोळ्यांची एक स्ट्रिप घेऊन आलो. ती शुक्रवारपर्यंत फ्रिजवर तशीच पडून होती. बायकोला सातवा आठवडा चालू आहे. (आई म्हणते तीन महिने कुणाला सांगायचं नसतं. पण आई इथे काही वाचत नाही :-)) सकाळी उठल्यापासून मळमळ, दुपारी मळमळ, रात्री कुकरची शिट्टी झाली की त्या वासाने पुन्हा मळमळ. याला ‘मॉर्निंग सिकनेस’ हे नाव ज्याने कुणी ठेवलं तो माणूस नक्की दिवसभर घराबाहेर असणार.

डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली होती. पण आई फोनवर म्हणाली, “आमच्या वेळी नव्हत्या असल्या गोळ्या. कळ काढायची तीन महिने.” सासूबाईंनी साळीच्या लाह्या आणि आलेपाकाचे दोन डबे पाठवले. आणि बायकोने कधीतरी टीव्हीवर थॅलिडोमाईडवरची डॉक्युमेंटरी पाहिली होती. हात नसलेली मुलं. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. शुक्रवारी रात्री ती म्हणाली, “तू वाचून सांग. घेऊ की नको?”

आता प्रोग्रॅमरला कुणी ‘वाचून सांग’ म्हटलं तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. शनिवार-रविवार गेला.

सुरुवात पार मागून करावी लागली. चरकसंहितेत गर्भिणीची लक्षणं दिली आहेत. तोंडाला पाणी सुटणं, अन्न नकोसं होणं, उलट्या, आंबट खावंसं वाटणं. म्हणजे आमच्या घरातला या आठवड्याचा स्टेटस रिपोर्टच. गर्भवतीला दोन हृदयं असतात, एक तिचं आणि एक बाळाचं, म्हणून तिच्या इच्छा मोडायच्या नाहीत, असंही आयुर्वेद सांगतो, आणि आपले डोहाळे त्याच कल्पनेतून आले. तिकडे दुसऱ्या शतकात सोरेनस नावाच्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलंय की हा त्रास बहुतेकींना चाळिसाव्या दिवसाच्या आसपास सुरू होतो आणि चारेक महिने टिकतो. अल्ट्रासाऊंड नाही, काही नाही, नुसतं बायकांना विचारून आणि बघून काढलेला हा आकडा आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे सगळं गमतीचं नव्हतं. ‘जेन आयर’ लिहिणारी शार्लट ब्राँटे १८५४ च्या जूनमध्ये लग्न करून पुढच्या मार्चच्या ३१ तारखेला वारली, तेव्हा ती ३८ वर्षांची होती. दाखल्यावर क्षय लिहिलाय, पण शेवटच्या महिन्यांतली तिची न थांबणारी मळमळ आणि ओकाऱ्या बघता पुष्कळ अभ्यासकांचा कल गरोदरपणातल्या तीव्र उलट्यांकडे आहे. याला हायपरएमेसिस म्हणतात. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, वजन उतरतं, आणि आज सलाईन लावून जे निभावतं त्यात तेव्हा बाई जायची.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरांना एक नवा शोध लागला. दोष बाईच्या मनात आहे! १८९१ मध्ये एका जर्मन डॉक्टराने मांडलं की या उलट्या म्हणजे हिस्टेरिया. पुढे मनोविश्लेषणाची फॅशन आली आणि निदान आणखी सजलं: तिला मूल नकोय, म्हणून ती ते तोंडावाटे बाहेर टाकू पाहतेय. १९३० च्या दशकात हॉस्पिटलात अशा बायकांना एकटं ठेवायचे, नातेवाइकांना भेटू द्यायचे नाहीत, काही ठिकाणी तर ओकायला भांडंही द्यायचं नाही असा सल्ला होता. म्हणजे लाजून थांबेल. बग रिपोर्ट टाकणाऱ्यालाच ‘युजर एरर’ म्हणून परत पाठवायचं, तसलं. हे वाचताना मला राग आला, आणि मग आठवलं की बुधवारी मीच बायकोला म्हणालो होतो, “जरा मन रमव, कमी होईल.” असो.

आता पहिली गोळी.

१ ऑक्टोबर १९५७ ला पश्चिम जर्मनीत ग्रुनेनथाल कंपनीने ‘कॉन्टरगॅन’ बाजारात आणलं. आतलं औषध थॅलिडोमाईड. मूळ काम झोप आणायचं. उंदरांना कितीही दिलं तरी ते मरत नाहीत, ही त्याची जाहिरात. ‘संपूर्ण सुरक्षित’ म्हणून ते चिठ्ठीशिवाय मिळायचं, आणि मळमळीवर गुण येतो असं दिसल्यावर गरोदर बायकांनाही दिलं जाऊ लागलं. ब्रिटनमध्ये १९५८ पासून डिस्टिलर्स कंपनीने ते ‘डिस्टाव्हल’ नावाने विकलं. गर्भार प्राण्यांवर ते कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

आणि आता तो चाळिसावा दिवस. थॅलिडोमाईड गर्भाला घातक ठरतं ते गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांत, हात, पाय, कान घडत असतात तेव्हा. एखादी गोळीही पुरते. बरोबर त्याच दिवसांत मळमळ सुरू होते. अंगठेदुखीवरचं औषध असतं तर एवढा अनर्थ झाला नसता. हे औषध ज्या त्रासावर दिलं, तो त्रासच बाईला त्या दहा-पंधरा दिवसांच्या फटीत आणून उभा करत होता. बाधित मुलं जगभर दहा हजारांच्या वर जन्मली. पुष्कळशी वाचली नाहीत.

हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये कंपनीला फोन करून सांगितलं. वर्तमानपत्रात छापून आलं, आणि दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, माल मागे घेतला गेला. डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये सिडनीच्या विल्यम मॅकब्राईड या प्रसूतितज्ज्ञाचं काही ओळींचं पत्र आलं: असं कुणी इतरांनी पाहिलंय का? हे नावही लक्षात ठेवा.

अमेरिका यातून जवळजवळ सुटली ती एका बाईमुळे. फ्रान्सिस केल्सी. (विद्यार्थिदशेत तिला शिकागोत जागा मिळाली ती प्रोफेसरसाहेबांना नावावरून पुरुष वाटला म्हणून!) ऑगस्ट १९६० मध्ये ती सरकारी औषध-खात्यात, म्हणजे एफडीएत रुजू झाली आणि पुढच्याच महिन्यात रिचर्डसन-मेरेल कंपनीचा थॅलिडोमाईडचा अर्ज टेबलावर आला. तेव्हाचा नियम ऐका. खात्याने ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर. टाइमआऊट झाला की डिफॉल्ट ‘येस’! असा कोड कुणी लिहिला तर मी रिव्ह्यूत पास करणार नाही. केल्सीबाईंनी दर वेळी मुदत संपायच्या आत ‘माहिती अपुरी’ म्हणून फाईल परत पाठवली. कंपनीने फोन केले, खेटे घातले, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. तेवढ्यात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरचं पत्र आलं की रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात. औषध नसा बिघडवत असेल तर पोटातल्या बाळाचं काय, हा प्रश्न केल्सीने विचारला. युद्धकाळात तिने सशांच्या गर्भावर क्विनाईनचं काम केलं होतं, म्हणून सुचला. कंपनीकडे उत्तर नव्हतं. तरीही ‘प्रायोगिक’ म्हणून कंपनीने हजारावर डॉक्टरांना २५ लाखांवर गोळ्या वाटून झाल्या होत्या, आणि तिथेही काही मुलं बाधित जन्मली. ऑगस्ट १९६२ मध्ये केनेडींनी केल्सीला पदक दिलं, ऑक्टोबरात कायदा बदलला, आपोआप मंजुरी गेली. केल्सी २०१५ मध्ये १०१ वर्षांची होऊन वारली.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या बायकोच्या डॉक्युमेंटरीतही एवढीच होती. फ्रिजवरची गोळी मात्र दुसऱ्या गोष्टीतली आहे.

१९५६ मध्ये, म्हणजे थॅलिडोमाईडच्याही आधी, याच मेरेल कंपनीने अमेरिकेत ‘बेंडेक्टिन’ आणलं होतं. त्यात ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं एक जुनं औषध डॉक्सिलामाईन, व्हिटॅमिन बी-६, आणि पोटदुखीवरचं तिसरं एक, जे १९७६ मध्ये काढून टाकलं. तीन कोटींवर बायकांनी ते घेतलं. १९७७ पासून दावे सुरू झाले की या गोळीनेही मुलं व्यंग घेऊन जन्मतात. कंपनीचं नाव आधीच थॅलिडोमाईडला चिकटलेलं, ज्युरीसमोर व्यंग असलेलं लेकरू, आणि आईच्या मनात एकच प्रश्न: मी काय खाल्लं होतं? त्या आईला मी नावं ठेवू शकत नाही. पण शंभर बाळंतपणांत दोन-तीन मुलं काही ना काही व्यंग घेऊन येतात, आईने काहीही खाल्लं नाही तरी. गोळी घेणाऱ्या कोट्यवधींत अशी लाखो मुलं निघणारच. १९८० मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीला संबंध सापडला नाही. १९८५ मध्ये सिनसिनाटीत हजारावर दावे एकत्र चालले, ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. पण तोवर उशीर झाला होता. विमा आणि वकिलांचा खर्च परवडेना म्हणून १९८३ मध्ये कंपनीने गोळी बंद केली होती. त्यानंतर व्यंगांचं प्रमाण तसूभरही कमी झालं नाही. गरोदर बायकांचं उलट्यांपायी ॲडमिट होणं मात्र वाढलं.

या गोळीविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत कोण होतं? विल्यम मॅकब्राईड. थॅलिडोमाईडच्या पत्राने ते जगप्रसिद्ध झाले होते, बक्षिसाच्या पैशातून सिडनीत संस्था उभी राहिली होती. १९८२ मध्ये त्यांनी सशांवरच्या एका प्रयोगाचा निबंध छापला. औषध होतं हायोसिन, बेंडेक्टिनमधून काढलेल्या त्या तिसऱ्या घटकाच्या जातकुळीतलं. त्यातले आकडे त्यांनी बदलले होते. निबंधावर ज्यांची नावं घातली त्या हाताखालच्या संशोधकांनीच ते पकडलं. १९९३ मध्ये मॅकब्राईड यांची डॉक्टरकी काढून घेण्यात आली (१९९८ मध्ये परत मिळाली). एकदा बरोबर ठरलेला माणूस दुसऱ्यांदा बरोबर ठरायला इतका आतुर झाला, की डेटाच दुरुस्त केला. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त भीती याची वाटली.

त्याच १९९३ मध्ये, बेंडेक्टिनच्याच ‘डॉबर्ट विरुद्ध मेरेल डाऊ’ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की तज्ज्ञाची साक्ष शास्त्राला धरून आहे का, हे न्यायाधीशाने आधी तपासायचं. आज तिथे कुठल्याही खटल्यात शास्त्रज्ञ साक्षीला उभा राहिला की हा निकाल निघतो. मुळात तो मळमळीच्या गोळीवरून आलाय.

आणि बायका? थॅलिडोमाईडच्या धसक्याने १९७७ मध्ये एफडीएने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते १९९३ पर्यंत टिकलं. अमेरिकन डॉक्टर दरम्यान गुपचूप सांगायचे की दुकानातून झोपेची डॉक्सिलामाईनवाली गोळी घ्या, अर्धी करा, सोबत बी-६ घ्या. तीस वर्षं हा वर्कअराऊंड चालला! कॅनडात मात्र दोन्ही औषधांची तीच गोळी राजरोस मिळत होती. १९९९ मध्ये एफडीएने जाहीर केलं की बेंडेक्टिन सुरक्षिततेच्या कारणाने बंद झालंच नव्हतं. आणि एप्रिल २०१३ मध्ये तीच गोळी नव्या नावाने अमेरिकेत परत मंजूर झाली.

मळमळ होते कशाने, हे कळायला त्याहून उशीर लागला. मार्लेना फेझो या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ. १९९९ मध्ये हायपरएमेसिसमुळे पंधराव्या आठवड्यात त्यांचं मूल गेलं, आणि डॉक्टर त्यांचं म्हणणं गंभीरपणे घेत नव्हते. १९९९ बरं का, १८९१ नव्हे. मग त्यांनी स्वतःच शोधायला घेतलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांच्या गटाचा निबंध ‘नेचर’मध्ये आला: गर्भ आणि वार जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक सोडतात, ते मेंदूत जाऊन मळमळ उठवतं, आणि जिच्या रक्तात ते आधीपासून कमी असतं तिला त्याची सवय नसल्याने जास्त त्रास होतो. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांत ते कायमच जास्त असतं, त्यांना मळमळ फारशी होत नाही. हिस्टेरियाचा काही संबंध नाही.

रविवारी रात्री हे सगळं बायकोला सांगितलं. थोडक्यात सांग म्हणाली, पाऊण तास लागला. मग स्ट्रिप फ्रिजवरून काढून दिव्याखाली धरली आणि मागची बारीक अक्षरं दोघांनी मिळून वाचली. डॉक्सिलामाईन, पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६, आणि फॉलिक ॲसिड. डॉक्टरबाईंना फोन करून पुन्हा एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, मंगळवारीच दिली होती ना? घ्या. आणि पाणीसुद्धा ठरेनासं झालं किंवा लघवी कमी झाली तर वाट बघत बसू नका, सरळ या.”

सोमवारी सकाळी उलटी झालीच. पण एक. दुपारी तिने दहीभात खाल्ला आणि ऑफिसात मला फोन करून तो ठरलाय असं कळवलं. बाकी आल्याच्या वासाने तिला अजूनही होतंय, त्यामुळे आलेपाक कुणाला हवा असेल तर सांगा. दोन्ही डबे तसेच आहेत.